उपग्रह दिशादर्शन किती भरवशाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका बरोबर जागी असतो तोवर या विषयाकडे कुणी वळून बघत नाही. पण गेल्या काही वर्षांत उडत्या विमानांची ठिकाणं भलतीकडेच दिसणं, समुद्रातली जहाजं नकाशावर विमानतळात उभी असणं अशा बातम्या वरचेवर येऊ लागल्या आणि त्यामागोमाग प्रश्नही आले. त्यातले नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तंत्राचा भाग लागेल तेवढाच आहे. खरी गुंतागुंत सिग्नल कुणाचा, बिघडला तर जबाबदार कोण आणि पर्यायी व्यवस्थेचे पैसे कुणी द्यायचे, इथे आहे.

जीपीएस म्हणजेच उपग्रह दिशादर्शन ना?

जीपीएस हा त्यातला एक. अमेरिकेचा, सगळ्यात जुना आणि म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलेला. जगभर चालणाऱ्या अशा चार यंत्रणा आहेत: अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू. शिवाय भारताची नाविक आणि जपानची क्यूझेडएसएस या ठरावीक प्रदेशापुरत्या यंत्रणा. या सगळ्यांना मिळून जीएनएसएस म्हणतात. आजचा साधा फोनसुद्धा यांतल्या तीन-चार यंत्रणांचे सिग्नल एकाच वेळी ऐकतो, फक्त आपण सगळ्याला जीपीएसच म्हणतो.

या यंत्रणा लष्कराच्या हातात आहेत. मग नागरी वापराचा भरवसा कशावर?

आश्वासनांवर. ऐकायला विचित्र वाटेल, पण परिस्थिती तशीच आहे.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं फ्लाइट ००७ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली राहील. ती खुली झाली, पण हात राखून. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जात होती, त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायचं. ही भेसळ मे २०००च्या सुरुवातीला बंद झाली. पुढे २००७ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की जीपीएसच्या नव्या पिढीच्या उपग्रहांत ती सोयच ठेवली जाणार नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर १९९४ मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला, म्हणजे आयकाओला, पत्र लिहून जीपीएसची सेवा विनाशुल्क देऊ केली आणि ती बंद करायची झाली तर किमान सहा वर्षं आधी कळवू असं म्हटलं. १९९६ मध्ये रशियाने ग्लोनासबद्दल तसाच प्रस्ताव ठेवला. १९९८ मध्ये आयकाओच्या सभेने अशा सेवा देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांच्या हक्क-कर्तव्यांची सनद मंजूर केली. पण सनद म्हणजे करार नव्हे. सेवा बिघडली आणि कुणाचं नुकसान झालं तर भरपाई कुणी द्यायची, यावर सगळ्या देशांना बांधील असा आंतरराष्ट्रीय करार आजही नाही.

दुसऱ्याच्या लष्करावर विसंबून राहायचं नाही, हे गॅलिलिओ उभारण्यामागचं मोठं कारण होतं. चार जागतिक यंत्रणांपैकी नागरी नियंत्रणाखाली असलेली तीच. बाकीच्या देशांनी आपापले उपग्रह सोडले त्यालाही हीच धास्ती कारणीभूत. आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

सिग्नल इतका सहज बिघडतो तरी कसा?

कारण तो पोहोचतानाच जवळजवळ संपलेला असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि काही डझन वॅटच्या शक्तीने प्रसारण करतात. जमिनीवर अँटेनाला जे मिळतं ते काढायचं तर एका वॅटला १ वर १६ शून्यं असलेल्या संख्येने भागा. हा सिग्नल आजूबाजूच्या नैसर्गिक रेडिओ गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. रिसीव्हर त्याला ओळखू शकतो ते केवळ त्याचा सांकेतिक नमुना आधीच माहीत असल्यामुळे.

दुसरं असं की नागरी सिग्नलची रचना जाहीर आहे. तशी ती असायलाच हवी, नाहीतर जगभरच्या कंपन्यांनी स्वस्त चिप बनवल्याच नसत्या. पण जे चिप बनवणाऱ्याला वाचता येतं ते नक्कल करणाऱ्यालाही वाचता येतं. उघडेपणामुळे ही यंत्रणा घराघरांत पोहोचली आणि त्याच उघडेपणामुळे ती उघडी पडली.

जॅमिंग आणि स्पूफिंग यांत फरक काय?

जॅमिंगमध्ये त्याच फ्रिक्वेन्सीवर एवढा आरडाओरडा करायचा की खरा सिग्नल ऐकूच येऊ नये. रिसीव्हर आंधळा होतो, पण निदान आपण आंधळे झालोय हे त्याला कळतं. स्पूफिंगमध्ये खऱ्यासारखा दिसणारा खोटा सिग्नल पाठवला जातो. रिसीव्हर तो मुकाट्याने मानतो आणि चुकीचं ठिकाण पूर्ण आत्मविश्वासाने दाखवत राहतो. दोन्हींत हा दुसरा प्रकार जास्त घातक.

जॅमिंगला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर विमानं उतरवण्यासाठी बसवलेल्या नव्या यंत्रणेत अधूनमधून विनाकारण व्यत्यय येत होता. कारण सापडलं ते शेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांमध्ये. त्यांतल्या एका कंपनीच्या ट्रकचालकाने मालकाला आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून छोटासा जॅमर लावला होता. २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२,००० डॉलरचा दंड सुनावण्यात आला. त्याच्या मनात विमान नव्हतंच. त्याला फक्त मालकाची नजर चुकवायची होती.

स्पूफिंग बराच काळ प्रयोगशाळेतला विषय होता. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या गटाने भूमध्य समुद्रात, मालकाच्या परवानगीने, एका आलिशान यॉटला खोट्या सिग्नलने हळूहळू मार्गावरून बाजूला नेऊन दाखवलं. नाविकांना पडद्यावर सगळं ठीकच दिसत होतं. चारच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्क बंदराजवळ वीसहून अधिक जहाजांना आपण गेलेंझिकच्या विमानतळावर असल्याचं दिसू लागलं. इतक्या जहाजांचे रिसीव्हर एकाच वेळी एकाच ठिकाणी जाऊन बसले म्हटल्यावर उपकरणातल्या बिघाडाची शक्यता उरली नाही.

विमानप्रवाशांनी घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण प्रश्न हलकाही नाही. मोठ्या विमानात जडत्वावर, म्हणजे विमानाची स्वतःची हालचाल मोजून, चालणारी दिशादर्शक यंत्रणा असते, जमिनीवरची रेडिओ केंद्रं असतात, हवाई नियंत्रकाचं रडार असतं. जीपीएस गेलं म्हणून विमान पडत नाही.

त्रास होतो तो वेगळ्या तऱ्हेने. सप्टेंबर २०२३पासून इराक आणि पूर्व भूमध्य सागराच्या परिसरातून वैमानिकांच्या तक्रारी वाढल्या. नकाशावर विमान अचानक शेकडो किलोमीटर लांब जातं. कॉकपिटचं घड्याळ भलतीच वेळ दाखवू लागतं. जडत्वाची यंत्रणा स्वतंत्र असायला हवी, पण काही विमानांत ती अधूनमधून जीपीएसशी ताडून घेतली जाते, त्यामुळे खोटी माहिती तिच्यातही झिरपते. सगळ्यात वाईट म्हणजे डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा. तिला ठिकाण चुकीचं मिळालं की ती दहा किलोमीटर उंचीवर, खाली सपाट जमीन असताना, "पुल अप" म्हणून ओरडते. वैमानिकाला शिकवलेलं असतं की हा इशारा कधीही दुर्लक्षायचा नाही. तोच इशारा दर फेरीत खोटा निघू लागला की काही जण तो बंद करून ठेवतात. मग खराखुरा डोंगर समोर येईल तेव्हा काय? अनेकदा स्पूफिंगचा पट्टा मागे पडल्यावरही रिसीव्हर ताळ्यावर येत नाही आणि उरलेलं उड्डाण तसंच काढावं लागतं.

धोरणाच्या दृष्टीने एस्टोनियातल्या टार्टूचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथल्या विमानतळावर उतरण्याची पद्धत जीपीएसवर बेतलेली होती. एप्रिल २०२४ मध्ये हेलसिंकीहून निघालेली विमानं व्यत्ययामुळे न उतरता परत फिरली आणि फिनएअरने तिथली सेवा महिनाभर थांबवली. जमिनीवरच्या रेडिओ उपकरणांवर चालणारी पद्धत उभी राहिल्यावर ती पुन्हा सुरू झाली. अशी जुनी उपकरणं जगभरात खर्च वाचवायला हळूहळू काढली जात आहेत. अमेरिकेने मात्र व्हीओआर या विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांची संख्या घटवताना, जीपीएस गेलं तरी विमान सुखरूप उतरेल इतकं किमान जाळं राखायचं ठरवलं. कपात करायचीच तर ती अशी करावी.

जहाजांवर कप्तान असतो, डोळे असतात. तिथे एवढं काय?

१० जून १९९५ रोजी रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला येत होतं. जहाजावर १,५०९ माणसं. बंदर सोडून तासाभराच्या आतच जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली. हल्ला नाही, शत्रू नाही, एक सैल वायर. रिसीव्हरने अंदाजाने ठिकाण काढायला सुरुवात केली, आणि ही गोष्ट त्याने सांगितली ती पडद्याच्या कोपऱ्यात "डीआर" अशी दोन बारीक अक्षरं दाखवून. स्वयंचलित सुकाणू तो अंदाज खरा धरून जहाज हाकत राहिलं. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत होते, पण पडद्यावरची रेघ सरळ होती. चौतीस तास पहाऱ्यामागून पहारे बदलले, दर तासाला ठिकाण नोंदवलं गेलं, तेही त्याच पडद्यावरून. वाटेत एक बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, दिसायला हवा होता. रडारवर काहीतरी दिसलं, तोच तो असं समजून पुढे गेले. खोली मोजणाऱ्या यंत्राचा इशारा शून्य मीटरवर लावलेला होता, म्हणजे तो वाजूनही उपयोग नव्हता. नँटकेट बेटाच्या पूर्वेला जहाज उथळ वाळूत रुतलं तेव्हा ते ठरलेल्या मार्गापासून १७ मैल बाहेर होतं. कुणाला इजा झाली नाही हे नशीब.

जहाजावर दुसऱ्या तऱ्हेने ठिकाण काढण्याची साधनं होती. ती बिघडलेली नव्हती, कुणी वापरली नव्हती. पर्यायी यंत्रणा विकत घेऊन ठेवली की काम झालं असं मानणाऱ्या प्रत्येक धोरणकर्त्याला मी हा चौकशी अहवाल आधी वाचायला देईन.

ठिकाण चुकलं तर चुकलं. वेळेचं एवढं महत्त्व का?

कारण या यंत्रणा मुळात घड्याळंच आहेत. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. त्यामुळे ठिकाण मोजता मोजता अतिशय अचूक वेळ फुकटात हाती येते, आणि ही फुकटची वेळ गेल्या तीस वर्षांत कुठे कुठे जाऊन बसली आहे त्याचा हिशेब कुणाकडेच धड नाही.

मोबाइलचे टॉवर एकमेकांशी ताळमेळ राखतात तो तिच्यावर. ४जी-५जीच्या ज्या प्रकारात येणारा आणि जाणारा संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतो, तिथे टॉवरांच्या वेळेत दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही. वीजजाळ्याच्या वेगवेगळ्या टोकांची मापं एकाच क्षणाची आहेत की नाहीत हे याच वेळेवर ठरतं. युरोपात अतिवेगवान शेअर व्यवहारांवरच्या वेळेच्या शिक्क्यात १०० मायक्रोसेकंदांहून जास्त फरक चालत नाही असा नियम आहे. तो पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे छपरावर जीपीएसची अँटेना.

२६ जानेवारी २०१६ रोजी १९९० सालचा एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरच्या यंत्रणेकडून चूक झाली आणि अनेक उपग्रहांवरून वेळेची एक चुकीची दुरुस्ती प्रसारित होऊ लागली. फरक किती? १३ मायक्रोसेकंदांच्या थोडा वर. नकाशे ठीक चालत होते, गाड्या बरोबर रस्त्यावर होत्या, सामान्य माणसाला पत्ताही लागला नाही. पण दूरसंचार कंपन्यांकडे धोक्याच्या सूचनांचा पाऊस पडला आणि डिजिटल रेडिओच्या प्रसारणात अडथळे आले. सगळ्या रिसीव्हरांना मात्र हा फटका बसला नाही. त्या दुरुस्तीवरची तारीख जुनी होती. ज्यांनी ती तपासली त्यांनी चूक गाळली, ज्यांनी तपासली नाही त्यांनी गिळली.

म्हणजे कुणी हल्ला न करताही यंत्रणा बंद पडते?

पडते, आणि मोठमोठ्या पडल्या आहेत. एप्रिल २०१४ मध्ये ग्लोनासच्या सगळ्या उपग्रहांवर कक्षेची चुकीची माहिती चढवली गेली आणि यंत्रणा सुमारे ११ तास निकामी झाली. जुलै २०१९ मध्ये जमिनीवरच्या उपकरणांतल्या बिघाडामुळे गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद होती. या दोन्ही वेळी जगात गोंधळ उडाला नाही, कारण बहुतेक रिसीव्हर जीपीएसवरही चालत होते. हीच घटना जीपीएसच्या बाबतीत घडली असती तर चित्र वेगळं असतं.

घड्याळांचाही एक धडा आहे. नाविकच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं (रुबिडियम धातूवर चालणारी अणुघड्याळं) बंद पडली. त्याच सुमारास गॅलिलिओच्याही काही घड्याळांनी दगा दिला. दोन्हींची रुबिडियम घड्याळं एकाच युरोपीय उत्पादकाची होती. वरून पाहता दोन स्वतंत्र यंत्रणा, आतला नाजूक भाग एकाच दुकानातला. पुढे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारताने स्वदेशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ बसवलं.

त्याशिवाय आठवड्यांच्या मोजणीचा जुना घोळ आहेच. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडा मोजायला १० बिट आहेत, म्हणजे १,०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती तशी आली. ही तारीख वीस वर्षं आधी माहीत होती, तरीही न्यूयॉर्क महापालिकेचं वायरलेस जाळं कोलमडलंच. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये. नव्या संदेशात १३ बिट आहेत, पण जुनी उपकरणं भिंतींवर आणि छपरांवर टांगलेली राहतात.

आणि सूर्य. मे २०२४च्या भूचुंबकीय वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे सेंटिमीटरभर अचूकतेने चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटू लागले. त्यावर इलाज नाही, वाट बघायची.

चारही यंत्रणा एकदम वापरल्या तर प्रश्न मिटेल ना?

वरच्यासारख्या अपघातांपुरता बराचसा मिटेल. एकीने चूक केली तर बाकीच्या तिला उघडं पाडतात.

जॅमिंगसमोर मात्र फारसा उपयोग नाही. सगळ्या यंत्रणांचे नागरी सिग्नल जवळजवळ त्याच पट्ट्यांत आहेत. हे योगायोगाने झालेलं नाही. एकाच अँटेनावर सगळे ऐकता यावेत म्हणून २००४ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघाने करार करून सिग्नल एकमेकांना जुळते ठेवले, आणि २००५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयसीजी नावाची समिती या ताळमेळासाठी काम करते. वापरणाऱ्यांचं त्यात भलंच झालं. पण १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करणारा जॅमर तिथे बसलेल्या सगळ्यांनाच एकदम गप्प करतो. ११७६.४५ मेगाहर्ट्झवर दुसरा पट्टा आहे, तोही ऐकणारा रिसीव्हर थोडा जास्त टिकतो. थोडाच.

स्पेक्ट्रमवरून वाद कसला?

उपग्रह दिशादर्शनाच्या शेजारचे पट्टे मोबाइल कंपन्यांना हवे असतात. अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड या कंपनीला जानेवारी २०११ मध्ये जीपीएसच्या खालच्या पट्ट्यात जमिनीवरून जाळं चालवायला सशर्त मुभा मिळाली. चाचण्यांत जीपीएस रिसीव्हर कोलमडले, फेब्रुवारी २०१२ मध्ये नियामकाने मुभा मागे घेण्याचं पाऊल उचललं, मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर तीच लिगाडो नावाने परतली आणि एप्रिल २०२० मध्ये, संरक्षण खात्याचा कडवा विरोध असतानाही, तिला परवानगी मिळाली.

कंपनीचं म्हणणं होतं की आमचं प्रसारण आमच्याच पट्ट्यात आहे, रिसीव्हरच शेजाऱ्याचं ऐकत बसतात. हे तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. अनेक रिसीव्हरांत स्वस्तातले, ढिले फिल्टर होते. पण शेजारी शांत राहील याच धोरणावर विसंबून ती उपकरणं वर्षानुवर्षं विकली गेली होती, आणि शांततेची ती हमी नियामकाची होती. प्रसारण करणाऱ्यावर नियम असतात, ऐकणाऱ्या उपकरणावर जवळपास नसतात. रिसीव्हरसाठी किमान मापदंड हवेत हे माझं ठाम मत या प्रकरणानंतर झालं.

अशीच एक छोटी कुरबुर हौशी रेडिओवाल्यांशी चालते. १२४० ते १३०० मेगाहर्ट्झचा त्यांचा पट्टा गॅलिलिओच्या एका सिग्नलवर येतो. तिथे मात्र समंजसपणे वाटाघाटी होऊन २०२३ मध्ये तांत्रिक मार्गदर्शक सूचना निघाल्या.

जॅमर वापरणं बेकायदा आहे. मग हे थांबत का नाही?

खासगी जॅमर पकडता येतो, दंड करता येतो. पण आज ज्या व्यत्ययामुळे विमानं आणि जहाजं हैराण होतात तो बहुतांशी युद्धक्षेत्रांच्या आजूबाजूला आहे, ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चुकवण्यासाठी सैन्यांनी केलेला. सिग्नल सीमा ओळखत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या, नियमांत हानिकारक व्यत्ययाला बंदी आहे. पण त्याच संघाच्या घटनेचं ४८वं कलम लष्करी रेडिओ केंद्रांबाबत देशांना पूर्ण मोकळीक देतं. नियम शक्यतो पाळावेत, एवढीच अपेक्षा. आणि आयटीयूकडे पोलीस नाहीत. बाल्टिक देशांनी तक्रारी केल्या, पत्रव्यवहार झाला, व्यत्यय चालू आहे. मार्च २०२५ मध्ये आयटीयू, आयकाओ आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी एकत्र निवेदन काढून चिंता व्यक्त केली आणि देशांना जुनी पारंपरिक दिशादर्शक साधनं राखून ठेवायला सांगितलं. तीन संघटनांनी एका कागदावर सही करणं ही लहान गोष्ट नाही. तरी कागद तो कागदच.

इतकं सगळं माहीत आहे तर पर्यायी व्यवस्था का नाही?

होती. लोरान-सी. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून १०० किलोहर्ट्झवर, प्रचंड शक्तीने चालणारी. तिला जॅम करायचं तर तसाच अवाढव्य मनोरा लागतो. अमेरिकेने ती २०१० मध्ये बंद केली, कारण जीपीएस असताना जुन्या यंत्रणेवर खर्च कशाला. ब्रिटनने तिची सुधारित आवृत्ती, ई-लोरान, चालवून पाहिली आणि शेजारी देशांनी आपली केंद्रं बंद केल्यावर २०१५ अखेरीस तिचाही दिवा मालवला. उत्तर कोरियाच्या जॅमिंगचा मार वारंवार खाणारा दक्षिण कोरिया मात्र ई-लोरानकडे वळला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

२०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जमिनीवरून वेळ देणारी राखीव यंत्रणा दोन वर्षांत उभारण्याचा कायदा केला, पण निधी मंजूर झाला तर, अशी अट घालून. यंत्रणा उभी राहिली नाही. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, त्याच वर्षी परिवहन खात्याने ११ कंपन्यांची तंत्रं तपासून पाहिली. निष्कर्ष असा की एकच एक यंत्रणा सगळ्यांच्या गरजा भागवणार नाही. निष्कर्ष बरोबरच होता, पण त्याचा व्यवहारातला अर्थ "मग ज्याने त्याने आपलं बघावं" असा निघाला.

घोडं अडतं ते इथे. सिग्नल फुकट आहे, म्हणून तो किती लोक कशासाठी वापरतात याची नोंद कुणाच्याच वहीत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेसाठी झालेल्या एका अभ्यासात जीपीएस बंद पडल्यास दिवसाला सुमारे १ अब्ज डॉलरचं नुकसान होईल असा अंदाज निघाला. पण हे नुकसान हजारो उद्योगांत विखुरलेलं. दूरसंचारवाला म्हणतो ही सरकारची जबाबदारी, सरकार म्हणतं वापर तुमचा, विमा तुम्हीच काढा. फुकट मिळणाऱ्या सेवेच्या बाजारात विकत मिळणारा पर्याय टिकणंही अवघड. ही तंत्रज्ञांच्या हातची गोष्ट नाही, ती अर्थखात्याच्या टेबलावर अडकली आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये स्थान आणि वेळ या विषयासाठी स्वतंत्र सरकारी आराखडा जाहीर केला आणि त्यात ई-लोरान पुन्हा आलं. बंद करून आठ वर्षांनी.

सिग्नलवर सही करता येत नाही का?

येते. गॅलिलिओने ओएसएनएमए नावाची सेवा २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू केली. उपग्रह आपल्या संदेशासोबत एक शिक्का पाठवतो आणि तो पडताळायची किल्ली थोड्या वेळाने जाहीर करतो. खोटा सिग्नल बनवणाऱ्याला ती किल्ली आधी माहीत नसते. नागरी वापरासाठी, विनाशुल्क, अशी सोय देणारी ही पहिली जागतिक यंत्रणा.

मर्यादाही आहेत. खरा सिग्नल जसाच्या तसा पकडून थोड्या उशिराने पुन्हा सोडला तर शिक्का खराच निघतो. जॅमिंगपुढे सहीचा काही इलाज नाही. आणि रिसीव्हरमध्ये ती तपासणारं सॉफ्टवेअर हवं, जे आधी विकल्या गेलेल्या बहुतेक उपकरणांत नाही.

खालच्या कक्षेतले नवे उपग्रह हे उत्तर आहे का?

काही अंशी. काहीशे ते हजारभर किलोमीटरवरून येणारा सिग्नल बराच जोरकस असतो. सुमारे ७८० किलोमीटरवरच्या, इरिडियम या उपग्रह-फोन कंपनीच्या उपग्रहांवरून अशी वेळ-सेवा आजही मिळते, इमारतीच्या आतसुद्धा. पण खालून फिरायचं म्हणजे जग झाकायला उपग्रह खूप जास्त लागतात, आणि या सेवा बहुधा खासगी आणि सशुल्क असणार. यांतल्या काही यंत्रणा स्वतःची वेळ जीपीएसवरूनच घेतात, हेही विकत घेण्याआधी विचारावं. तसं असेल तर ती राखीव व्यवस्था नव्हे.

आमच्या संस्थेने आज काय करावं?

पहिलं काम यादीचं. कुठल्या उपकरणाला जीपीएसची अँटेना आहे, ते ठिकाण घेतं की वेळ, आणि वायर काढली तर काय होतं. ही यादी बनवायला बसलं की हमखास अनपेक्षित जागा सापडतात: सर्व्हर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, हजेरीची यंत्रं.

वेळ घेत असाल तर विचारायचा प्रश्न असा: सिग्नल गेल्यावर आतलं घड्याळ किती तास हवी तेवढी अचूकता टिकवतं? साध्या क्वार्ट्झ घड्याळाचं उत्तर आणि रुबिडियमचं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, किमतीतही. फायबरवरून दुसरीकडची वेळ घेता येत असेल तर घ्या, पण ती दुसरीकडची वेळसुद्धा छपरावरच्या अँटेनातूनच येत नाही ना, एवढं बघा.

अँटेना रस्त्याकडेला उघडी ठेवू नका. इमारतीच्या आड, आकाश दिसेल पण रस्ता दिसणार नाही अशा जागी बसवली तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतला जॅमर फारसा पोहोचत नाही. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

नवा रिसीव्हर घेताना दोन फ्रिक्वेन्सी, एकाहून अधिक यंत्रणा, गॅलिलिओच्या सहीची तपासणी आणि आठवड्यांच्या मोजणीबाबत लेखी खुलासा मागा. विक्रेता गोंधळला तर दुसरा बघा.

मग एक दिवस ठरवून अँटेनाची वायर काढा आणि काय होतं ते पाहा. वायरच काढायची, आपणहून जॅमर आणून लावायचा नाही, तो गुन्हा आहे. खऱ्या जॅमिंगखाली उपकरणं तपासायची असतील तर नॉर्वेतल्या अँडोया बेटावर सरकारी परवानगीने जॅमरटेस्ट नावाची चाचणी भरते, उत्पादक तिथे आपापले रिसीव्हर घेऊन जातात. पण आपल्याला तेवढ्या लांब जायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी, संबंधितांना सांगून, वायर काढून चोवीस तास थांबा. पहिली धोक्याची सूचना किती वेळाने आली, कुणाकडे आली आणि त्याने काय केलं, हे लिहून ठेवा. सूचना आलीच नाही, तर तेही लिहा.